वस्तरा गळ्यावर असताना

मी एकदा मगरीची दाढी केली आहे. खोटं वाटत असेल तर मगरीला विचारा. माझ्या सलूनमधल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही हकीकत ऐकावीच लागते, कारण तोंड चालल्याशिवाय माझा वस्तरा चालत नाही.

त्या सकाळी रिटायर झालेले मास्तर खुर्चीत मान मागे टाकून बसले होते. वस्तरा त्यांच्या गळ्यावर होता.

"तर मास्तर, ती म... म... म..."

पुढे येईना. शब्द डोक्यात लख्ख होता, ओठांशी येऊन रुतला. हातही थांबला. मास्तरांनी श्वास रोखला. थोरल्या भावाचं असंच झालं होतं. आधी शब्द अडायला लागले, मग उजवा हात गेला.

"सुसर हो," मी घाईने म्हणालो.

"कालपर्यंत मगर होती," मास्तर डोळे न उघडता म्हणाले.

खरं तर हे बरेच दिवस चाललं होतं. टॉवेल अडला की मी फडका म्हणायचो, कात्री अडली की नुसतं बोट दाखवायचो. कुणाला पत्ता नाही, असा माझा समज.

दुपारी जेवताना बायको म्हणाली, "हात धुवा. डॉक्टरकडे जायचंय."

"घसा बसलाय गं."

"घसा बसला की आवाज बसतो. तुमचा शब्द अडतोय. लग्नापासून मला नावाने हाक मारता, आता नुसतं अगं-अगं चाललंय. मी काय बहिरी आहे?"

डॉक्टरांनी हात वर करायला लावले, हसायला लावलं. म्हणाले, "या वयात अचानक बोलणं अडखळायला लागलं, तर मेंदूचा फोटो काढावाच लागतो."

मला नळकांड्यात सरकवताना मशीनवाला म्हणाला, "आजोबा, हलायचं नाही, बोलायचं नाही."

आत धडधडत होतं. मशीन की मी, कळेना. डोळे मिटले की भाऊ दिसायचा, नुसते ओठ हलवणारा.

रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता. बाहेर बाकावर बायकोने विचारलं, "कसं वाटलं आत?"

"भ... भ..."

'गंमत' हा शब्द तयार होता, सहज निघाला असता. मी तो घेतला नाही. तिनेही माझा शब्द पुरा केला नाही. माझा उजवा हात धरून बसून राहिली.

"भ... भीती वाटली."

तिने हात दाबला. मला जाणवलं, उजवा हात अजून गेला नव्हता. मीही दाबला, आणि तिला माझा जोर जाणवला का, म्हणून तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.