फरक मोठा पडू दे

मतमोजणीच्या सकाळी आम्ही तिघंही टीव्हीसमोर बसलो होतो. सासूबाईंना विधानसभेत त्यांचा चष्मेवाला उमेदवार जायला हवा होता. मला आणि नवऱ्याला कोणीही चालला असता, फक्त फरक मोठा हवा होता.

नवरा शाळेत चित्रकला शिकवतो. या वेळी तो एका मतदान केंद्राचा प्रमुख होता. मतदानाआधी यंत्र तपासण्यासाठी सगळ्या पक्षांच्या माणसांसमोर पन्नास खोटी मतं टाकतात आणि मग ती पुसतात. यानं ती पुसलीच नाहीत. रांगेतल्या एका आजोबांसाठी खुर्ची शोधायला गेला आणि परत येऊन थेट मतदानच सुरू केलं. संध्याकाळी यंत्रात पन्नास मतं जास्त निघाली. यानं स्वतःच वर कळवलं. साहेब म्हणाले, "यंत्र बाजूला ठेवू. जिंकणाऱ्याची आघाडी त्यातल्या मतांपेक्षा मोठी असली तर प्रश्न मिटला. नाहीतर तिथं फेरमतदान, आणि तुमची चौकशी."

त्या यंत्रात सातशेच्या आसपास मतं होती. सासूबाईंना आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं.

सुरुवातीला चष्मेवाल्याच्या विरोधातला मिशीवाला चांगला चार हजारांनी पुढं होता. मग आघाडी घटू लागली.

"येतोय, माझा चष्मेवाला वर येतोय," सासूबाई मांडीवर थाप मारत म्हणाल्या. आमची तोंडं पाहून त्यांनी भुवया चढवल्या. "तुम्ही दोघांनी त्या मिशीला मत दिलंत की काय?"

आघाडी नऊशेवर आली तसा नवरा उठून खिडकीशी गेला.

"आई, तुझा माणूस पडला तर बरं होईल."

"काय म्हणालास?"

"नाहीतर दणकून जिंकू दे. पण थोडक्यात काही नको."

मग त्यानं सगळं सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे आधी सांगायला तोंड दुखत होतं का? मी इकडं वेड्यासारखी फरक कमी व्हायची वाट बघतेय." त्या टीव्हीकडे वळल्या. "पडू दे त्याला. पाच वर्षं थांबेल तो. चल रे मिशीवाल्या, लाव जोर."

मिशीवाल्यानं लावला. शेवटच्या फेरीनंतर तो अडीच हजारांनी निवडून आला. थोड्या वेळानं साहेबांचा फोन आला: यंत्र मोजायची गरज पडली नाही, पुन्हा असं करू नका.

नवऱ्यानं सकाळपासून पहिल्यांदा पोटभर खाल्लं. हात धुऊन आल्यावर म्हणाला, "वाईट एवढंच वाटतं, लोक उन्हात उभे राहिले आणि त्यांची मतं मोजलीच नाहीत."

"त्यात माझ्या चष्मेवाल्याची किती होती?" सासूबाईंनी विचारलं.

"ते आता कळायचं नाही."

"मग सगळी त्याचीच होती," असं म्हणून त्यांनी टीव्ही बंद केला.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. त्यांचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे काहीच पुरावा नव्हता.