मैनेचे प्रस्थान

जो दुसऱ्याला सल्ला देतो, त्याने त्या सल्ल्याचे ओझे काही अंतर तरी स्वतः वाहिले पाहिजे. घरी बसून मुहूर्त सांगणे सोपे असते; त्या मुहूर्तावर निघालेल्याच्या शेजारी बसून धूळ खाणे निराळे. हे मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो. आचरणात मात्र ते प्रथमच आणले, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कांद्याच्या ट्रकमध्ये.

मखमलाबादच्या मालनबाई झेंडू आणि भाजीपाला पिकवतात. त्यांचा मुलगा महेश दहा वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या चालवीत होता. गेल्या मार्गशीर्षात त्याने स्वतःची सहा चाकांची गाडी घेतली. मालनबाईंनी तिचे नाव मैना ठेवले आणि समोरच्या काचेवर ते रंगवून घेतले. लासलगावचे व्यापारी भिकाशेठ यांनी महेशपुढे एक अट ठेवली होती. सोमवारी कांदा भरून मंगळवारी सकाळी सहाच्या आत नागपूरच्या बाजारात गाडी पोहोचली, तर दर आठवड्याची नागपूरची फेरी कायमची त्याची. न पोहोचली, तर ती दुसऱ्या कोणाची. दारात उभ्या असलेल्या नव्या गाडीला नेमून दिलेले काम मिळणे म्हणजे काय, हे महेशच्या चेहऱ्यावरून कोणालाही कळले असते.

शनिवारी मालनबाई माझ्या इंदिरानगरच्या घरी आल्या. नागपूर पूर्वेला, आणि सोमवारी पूर्वेस दिशाशूल. त्या दिवशी त्या दिशेस प्रवासाचा आरंभ करू नये असे मानतात. कांदा तर सोमवारीच भरायचा होता. सोमवारी आरशात पाहून निघाले तरी चालते, गाडीला दोन आरसे आहेत, असे महेशने सुचवून पाहिले. ते मागचे दाखवतात, असे म्हणून मालनबाईंनी त्याला गप्प केले.

मी त्यांना प्रस्थानाचा मार्ग सांगितला. आदल्या दिवशी प्रवाशाची एखादी जिव्हाळ्याची वस्तू घरापासून थोडी दूर, जायच्या दिशेला नेऊन ठेवायची. प्रवासाचा आरंभ त्याच दिवशी झाला असे धरले जाते. दुसऱ्या दिवशी जाताना ती वस्तू उचलायची आणि पुढे जायचे.

येथे मालनबाईंनी एक मार्मिक प्रश्न विचारला. प्रवासी कोण, महेश की गाडी?

मी बराच वेळ विचार केला. चहा निवला. महेश जातो तो गाडी जाते म्हणून. कांदा जातो, पण परत येत नाही. जाते आणि परतही येते ती गाडीच. तेव्हा प्रवासी मैना, असा निर्णय मी दिला. तिच्या जिव्हाळ्याची वस्तू कोणती, यावर महेशने डिझेल हे उत्तर दिले. मी स्टेपनी सुचवली. जे चाक सदैव बरोबर असते आणि स्वतःसाठी काहीही मागत नाही, त्याहून जवळचे दुसरे कोण? हा विचार मला तेव्हा फार सुंदर वाटला होता, हे कबूल केले पाहिजे.

रविवारी सकाळी स्टेपनीला हळदकुंकू लागले, घरच्या झेंडूचा हार पडला, आणि ती शहराच्या पूर्वेला, लासलगावच्या वाटेवरील ललितच्या ट्रान्सपोर्ट गोदामाच्या ओट्यावर जाऊन बसली. मालनबाईंनी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत ‘मैना. प्रस्थान. नागपूर.’ असे लिहून तो हाराला बांधला. ललित हा महेशचा शाळासोबती. त्याने फोनवर आनंदाने होकार दिला, आणि नांदगावला एका लग्नात जेवायला बसल्यावर तो ही गोष्ट साफ विसरला.

सोमवारी साडेसातला आम्ही प्रस्थान उचलायला गोदामावर पोहोचलो. ओट्यावर झेंडूच्या चार पाकळ्या होत्या.

गोदामाचा कारकून अत्यंत कर्तव्यदक्ष निघाला. ओट्यावरच्या मालावर नाव आहे, गाव आहे, तेव्हा तो पाठवायचा आहे, हे त्याने ओळखले होते. मालाबरोबर जाणारी पावती, जिला बिल्टी म्हणतात, तीही त्याने रीतसर फाडली होती. पाठवणार: मैना. घेणार: मैना. माल: प्रस्थान, नग एक. शेरा: पूजा केलेली, उलटे ठेवू नये. गोदामाचा चालक संतोष याच्या नागपूरला जाणाऱ्या गाडीत हमालांनी ते चाक मोठ्या आदराने चढवले होते. ललितचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला आणि त्याने आपली एक स्टेपनी पुढे केली. ती मैनेच्या मापाची नव्हती. संतोष फोन उचलत नव्हता.

मालनबाई गाडीच्या पायरीवर बसल्या. त्यांचे म्हणणे साधे होते. प्रस्थान उचलल्याशिवाय निघायचे नाही, आणि स्टेपनीशिवाय तर शहाणा माणूस असाही निघत नाही. महेश घड्याळाकडे पाहत होता. भिकाशेठांकडे गोणी भरून तयार होत्या. दहाच्या आत गाडी लासलगावला लागली नाही, तर दुसरी लागणार होती. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिले.

मी गोदामाच्या फाटकावरची नोंदवही मागवली. संतोषची गाडी पाच वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडली होती. सूर्योदय सातच्या सुमारास झाला. आपला वार सूर्योदयाला सुरू होतो. पहाटे पाचला तो आदल्या दिवसाचाच असतो.

“मालनबाई,” मी म्हणालो, “हे चाक रविवारीच निघाले. लोक प्रस्थान शेजारच्या घरापर्यंत नेतात. तुमचे तर एव्हाना वैजापूर ओलांडून गेले असेल. मैनेचा प्रवास सुरू झालेला आहे. उरलेली सहा चाके फक्त तिच्या मागून जाणार आहेत.”

मालनबाईंनी हे सावकाश पचवले. “आन् वाटंत चाक बसलं तर?”

मी पंचांगाची पाने चाळू लागलो.

“मग असं करा गुरुजी,” त्या म्हणाल्या, “तुमीबी मागून जा. स्टेपनी नाय, तर शास्त्र तरी गाडीत असू द्या.”

अशा रीतीने मी मैनेच्या केबिनमध्ये चढलो. म्हणजे महेशने खालून लोटले आणि ललितने वरून ओढले. मालनबाईंनी बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि माझ्यासाठी वेगळे दूध दिले. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ त्यांनी महेशला तीन वेळा म्हणून दाखवायला लावली.

लासलगावी कांदा भरून अकराला आम्ही निघालो. तोवर ललितला संतोष फोनवर सापडला होता, आणि जालन्याच्या पुढे एका ढाब्यावर थांबून प्रस्थान मैनेच्या स्वाधीन करण्याचा हुकूम त्याला मिळाला होता. महेश गाडी इतकी जपून चालवीत होता की एका ट्रॅक्टरने आम्हाला मागे टाकले. प्रत्येक खड्ड्याला तो क्षमा मागे. मी जे आठवेल ते स्तोत्र म्हणत होतो. चार तासांत माझी स्तोत्रे संपली, तेव्हा मी शब्दरूपे म्हणू लागलो. ती चाकांना चालली असावीत.

साडेचारला ढाबा दिसला. ढाब्यासमोर संतोषची गाडी दिसली, आणि तिच्या पाठीशी कांद्यालसणाच्या रिकाम्या क्रेटांवर, गळ्यात सुकलेला हार घालून बसलेली स्टेपनीही दिसली. त्याच क्षणी मैनेचे मागचे डावे चाक फुस्सकन बसले. अंतर शंभर पावलांचे होते. तिने आपले माणूस ओळखले आणि अंग टाकले, असे मला वाटले; महेशला वाटले की खिळा असावा.

आम्ही चालत ढाब्यावर गेलो. संतोष साडेचार तास खाटेवर बसून होता. त्याने आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिले आणि बाई कुठे आहेत असे विचारले. कोणत्या बाई, हे महेशला कळेना. संतोषने बिल्टी काढली.

“मैनाबाई,” तो म्हणाला. “त्यांचा माल हाय. त्यांची सही पायजे.”

महेशने मागे वळून गाडीकडे बोट केले. संतोषने काचेवरचे नाव वाचले, पुन्हा बिल्टी वाचली. मागच्या महिन्यात सहीशिवाय माल दिल्याबद्दल ललित त्याला सर्वांसमोर बोलला होता, आणि फोनवरचा हुकूमही ‘मैनेच्या स्वाधीन कर’ असाच होता. महेशची सही त्याने नाकारली. माझी तर बघितलीही नाही. महेशने हात जोडले, सूर्य कलत असल्याचे दाखवले, भिकाशेठांची अट सांगितली. संतोषला वाईट वाटत होते, हे दिसत होते.

“मी काय दगड हाय का दादा? पण घेणार मैना लिव्हलंय. सही येत नसंल तर अंगठा चालंल.”

अंगठा म्हटल्यावर मला मार्ग दिसला. ललितला पुन्हा फोन लावून भागलेही असते; पण नियम पाळणाऱ्या माणसाला त्याच्याच नियमातून वाट द्यावी, त्याचा मान राहतो. कोणता अंगठा, असे मी विचारले. डावा, असे तो म्हणाला.

स्टेपनीवरचे कुंकू पाण्यात कालवून आम्ही मैनेच्या पुढच्या डाव्या चाकाला लावले. बिल्टी जमिनीवर पसरली. महेशने गाडी वीतभर पुढे घेतली आणि थांबवली. संतोषने कागद उचलून फुंकर घातली. लाल नक्षी अशी स्वच्छ उमटली होती की इतका सुबक अंगठा मी कोणत्याही दस्तऐवजावर पाहिला नव्हता. त्याखाली साक्षीदार म्हणून मी सही केली.

त्यानंतर संतोष दुसराच माणूस झाला. जॅक त्याने लावला, नट त्याने सोडवले, आणि सुकलेला हार उतरवताना त्याने चाकाला हात लावून नमस्कार केला. बसलेले चाक ढाब्याच्या बाजूलाच पंक्चर काढून मैनेच्या पाठीशी गेले. स्टेपनी आता सहांतली एक होती.

मंगळवारी पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही नागपूरच्या बाजाराच्या फाटकात शिरलो. महेशने भिकाशेठांना फोन केला. त्यांनी सर्व हकीकत ऐकून घेतली. फेरी तुझी, ते म्हणाले. फक्त पुढच्या वेळी गुरुजींना विचार, प्रस्थान म्हणून कांदाच पाठवला तर गाडीची गरज पडेल का.

परतीच्या प्रवासात मी झोपलो. मालनबाईंसाठी महेशने त्या बिल्टीचा फोटो काढून आणला होता. तो त्यांनी चौकटीत घालून देवघरात लावला आहे.

महेशची चाके फिरत राहोत. संतोषला त्याच्या नेकीपायी कोणी रागे न भरो. गोदामातल्या कारकुनाची दक्षता तशीच राहो. मालनबाईंच्या झेंडूला कळ्या येवोत. आणि मैना जिथे जाईल, तिथून ती सातही चाकांनिशी घरी परत येवो.