भिकाजीचा राजीनामा

१९३४ सालच्या मे महिन्यात मुंबईच्या एका वर्तमानपत्रात खेळांच्या बातम्यांखाली चार ओळी छापून आल्या. उदयगिरी मिलच्या फुटबॉल टीमचा लेफ्ट औट, म्हणजे डाव्या कडेने खेळणारा, भिकाजी भाटकर आणि मिलचे मॅनेजर यांच्यात करारावरून वाद चालू आहे, यंदाच्या लीगमध्ये हा खेळाडू उतरेल की नाही हे सांगता येत नाही, एवढाच मजकूर होता. अंक दुसऱ्या दिवशी बोटीने रत्नागिरीला आला. गाडीतळावरच्या आत्मारामच्या सोडावॉटरच्या दुकानात त्या चार ओळींवर पुढे बारा दिवस वाद चालला.

भिकाजी खाडीपलीकडच्या भाट्याचा. मिलने त्याला खेळासाठी मुंबईला नेऊन तीन वर्षं झाली होती. कापडाच्या घड्या घालायच्या घडीखात्यात दिवसपाळीचं हलकं काम मिलने द्यायचं आणि पाच वर्षं त्याने फक्त मिलसाठी खेळायचं, असा करार होता. यंदा नवा मॅनेजर आला आणि त्याने भिकाजीला रातपाळीला साच्यावर, म्हणजे मागावर, उभा केला. रात्रभर उभं राहून संध्याकाळी मैदानात उतरायचं, असं दोन महिने चाललं. मग भिकाजीने एका सामन्याला नकार दिला आणि तो भाट्याला घरी निघून आला. मॅनेजर त्याला टीममध्येही घेईना आणि मोकळाही करीना. मिलने मोकळं केल्याशिवाय दुसरी टीम त्याला घेऊ शकत नव्हती. रेल्वेच्या टीमने मात्र विचारणा केली होती.

"करार म्हणजे करार," रावजी सुर्वे म्हणाला. तो मामलेदार कचेरीत जमिनीच्या दप्तराकडे कारकून होता, आणि दुकानात कागदाचा विषय निघाला की शेवटचा शब्द त्याचा असे. "सही करताना त्याचा हात कोणी धरला नव्हता."

"आणि मॅनेजराचा हात कोणी धरला होता?" आत्माराम म्हणाला. "दिवसपाळी लिहून दिलान ना मिलनं? मग रातपाळीला कसा घातलान?"

"ते मिलचं अंतर्गत काम. खेळाशी त्याचा संबंध नाही."

"वा! रात्रभर तुम्हाला कचेरीत उभा करतो आणि सकाळी शंभर उतारे लिहायला सांगतो. बघूया संबंध हाय की नाय."

दुकान हसलं. कोपऱ्यात बसलेला म्हातारा सखाराम तांडेल म्हणाला, "मेल्यांनो, तुम्ही त्याचा खेळ तरी बघितलात काय? मी बघितलाय. मुंबईस. ढोपराएवढा चिखल, समोर बूट घातलेले गोरे सोजीर, आणि ह्यो अनवाणी. बॉल पायाला असा धरलेला, खडकाला कालव धरतं तसा."

"गोल किती मारलान?"

"गोल नाय मारलान. पण एक सोजीर तीनदा चिखलात बसला."

हे सखाराम दर वर्षी सांगत असे आणि दर वर्षी सोजीर एकदा जास्त बसत असे. त्याच्याखेरीज दुकानातल्या कोणीही भिकाजीला मुंबईत खेळताना पाहिलं नव्हतं. तरी मिल हरली की त्या दिवशी आत्माराम कोणाशी नीट बोलत नसे.

तेराव्या दिवशी भिकाजी स्वतः दुकानात आला. खाडीतली होडी, म्हणजे तर, भाट्याहून राजिवड्याला लागली आणि तो चालत थेट गाडीतळावर आला. बारीक, काळा, चोवीस वर्षांचा. त्याच्या हातात पाकीट होतं. त्याला बघून सगळ्यांनी बाकावर जागा केली. त्याच्याबद्दल इतकं बोलून झालं होतं की तो समोर आल्यावर काय बोलावं ते कोणालाच सुचेना.

"भाऊसाहेब, जरा हे वाचता काय?" तो रावजीला म्हणाला. "मला वाचता येतं. पण अर्थ तुमच्याकडून कळला तर बरा."

पत्र मिलच्या मुन्शीचं होतं. मुन्शी लखनौकडचा, वीस वर्षं गिरणगावात राहिलेला, आणि चाळीत शिकलेल्या मराठीत लिहिणारा. रावजीने पत्र मोठ्याने वाचलं. 'मी मालकाशी बोललो. मालक मॅनेजरपेक्षा मोठा आहे. तू राजीनामा लिहून पाठव म्हणजे तंटा मिटला. शेवटच्या बोटीच्या आत आला पाहिजे, पुढे पावसाळ्यात टपालाला उशीर.'

रावजीने पत्र खाली ठेवलं. "झालं. सुटलास तू. मालक म्हणतो राजीनामा दे, आम्ही घेतो. दिलास की मोकळा. रेल्वेत जा."

"सोडायला सांगतोय काय मुन्शी?" भिकाजी म्हणाला. "पण तो तर माझ्या बाजूचा हाय."

"बाजूचा आहे म्हणूनच सांगतोय."

भिकाजीने पत्र उचलून पाकिटात घातलं. मग म्हणाला, "भाऊसाहेब, मुन्शीचं बोलणं येगळं हाय. आमच्या चाळीत दोघा भावांचं भांडण झालेलं, नळावरून. मुन्शीनं दोघांना बसवलान, बोलणं करून दिलान, आणि आम्हाला म्हणाला, दोघांचा राजीनामा झाला. मग दोघं एका कपातला चा प्यायले. त्यांनी काय सोडलंनी नव्हतं."

रावजी हसला. "नळाचा राजीनामा?"

"एकाने नळ सोडला, दुसऱ्याने बादली!" सखाराम म्हणाला, आणि दुकानात इतका हशा झाला की समोरचा गाडीवान वळून बघू लागला. भिकाजीही थोडा हसला, कारण सगळे हसत होते.

"अरे, चौदा वर्षं मी हेच करतोय," रावजी म्हणाला. "जमीन सोडणारा राजीनामा लिहून देतो, घेणारा कबुलायत. रोज दहा लिहितो. राजीनामा म्हणजे काय ते मला मुन्शीकडून शिकायचं?"

"करारनामा घरी पेटीत हाय. तरीनं जाऊन आणू काय?"

"कशाला? असले कागद मला पाठ आहेत."

रावजीने तिथेच कागद मागवला आणि लिहिला. 'मी खाली सही करणार राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली नसता, मिलची नोकरी व टीममधील जागा सोडीत आहे.' वाचून दाखवला तेव्हा आत्मारामसुद्धा म्हणाला, "भाषा बाकी झक्क." साक्षीदार दोन पुरले असते. पण मुंबईला जाणाऱ्या कागदावर आपलं नाव असावं असं प्रत्येकाला वाटलं. सातजणांनी साक्षी घातल्या. सखारामने अंगठा उठवला, आणि तो नीट उठला नाही म्हणून दुसऱ्यांदा उठवला. भिकाजीने सर्वांत शेवटी सही केली.

आठ दिवसांनी उत्तर आलं. भाट्याला टपाल उशिरा पोचे म्हणून भिकाजीने आत्मारामच्या दुकानाचा पत्ता दिला होता. उत्तर पोस्टकार्डावर होतं, उघडं. ज्याच्या नावाचं होतं त्याच्याआधी ते दुकानाने वाचलं.

'हे तू काय केलंस? मी राजीनामा मागितला, तू नोकरी सोडायचा इस्तिफा पाठवलास. आमच्यात राजीनामा म्हणजे दोघांनी राजी होऊन सलोखा लिहिणं. मालक दिवसपाळी द्यायला तयार झाला होता, तुझ्याकडून फक्त दोन ओळी पाहिजे होत्या की पुन्हा सामना सोडणार नाही. आता तो म्हणतो, आपण होऊन गेला तर जाऊ दे. करारातलं चौथं कलम बघ.'

कार्ड हातोहात फिरलं. मग सखाराम म्हणाला, "पोर सांगत होता, नळाचं."

"मला तेव्हाच जरा वाटलं होतं," आत्माराम म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?" रावजीने विचारलं.

"तुमच्यापुढे काय बोलायचं?"

रावजी कार्ड घेऊन उठला. तरीत पलीकडे जाईपर्यंत त्याने ते चारदा वाचलं. दुसरा अर्थ निघाला नाही.

भिकाजी भाट्याच्या पुळणीवर होता. ओहोटीच्या ओल्या वाळूत तो सुरूच्या झाडापासून खडकापर्यंत धावत होता, वळत होता, पुन्हा धावत होता. त्याची बायको राही घरातून म्हणाली, "आठ दिवस हेच चाललंय. रेल्वेसाठी दम वाढवतोय म्हणे." भिकाजीने रावजीला पाहिलं आणि तो हसत आला. "रेल्वेचं पत्र आलं काय, भाऊसाहेब?"

रावजीने कार्ड दिलं. भिकाजीने ते स्वतःच वाचलं, बोट फिरवत, सावकाश. वाचून झाल्यावर त्याने ते उलटं करून पत्ता बघितला, जणू ते दुसऱ्या कोणाचं निघेल.

"मी बोललेलो तुम्हाला," तो म्हणाला. एवढंच.

राहीने पेटीतून करारनामा आणून दिला. इंग्रजी आणि गुजराती, दोन पानं. रावजीला कामापुरतं इंग्रजी येत होतं. ओसरीवर बसून त्याने तो पहिल्यांदा वाचला. चौथं कलम असं होतं की खेळाडू मुदतीआधी आपण होऊन गेला तर उरलेली मुदत त्याला कोणत्याही टीमकडून खेळता येणार नाही. म्हणजे दोन वर्षं. त्याच्या वर तिसरं कलम होतं. कबूल केलेली दिवसपाळी मिलने बदलली तर खेळाडू त्या दिवसापासून मोकळा.

रावजीने तिसरं कलम पुन्हा वाचलं. रातपाळी लागली त्या दिवसापासूनच भिकाजी मोकळा होता. मिलला नुसतं कळवायचं होतं; आता राजीखुशीने सोडतो असं सही करून दिल्यावर ते कलम कामाचं उरलं नव्हतं. ज्या करारावर दुकानाने बारा दिवस वाद घातला तो दुकानातल्या एकानेही वाचला नव्हता, आणि रावजीनेच तो आणू दिला नव्हता.

"काय म्हणतो कागद?" भिकाजीने विचारलं.

चौथं कलम सांगणं सोपं होतं. तिसरं सांगितलं नसतं तरी चाललं असतं, ते इंग्रजीत होतं. रावजीला हा विचार आला, आणि तो आला याचीच त्याला लाज वाटली. त्याने दोन्ही सांगितली. राही आत गेली. आत भांडं आपटल्याचा आवाज आला.

"मी मालकाला लिहितो," रावजी म्हणाला. त्याने लिहिलं आणि वाचून दाखवलं. 'पूर्वीच्या अर्जात शब्दाच्या अर्थाबाबत गैरसमज झाला असून...'

"कोणाचा झाला, ते लिवलंत काय?"

रावजी थांबला. चौदा वर्षं तो असंच लिहीत आला होता. चूक झाली असून. विलंब झाला असून. कोणाकडून, ते कोणी विचारत नसे. त्याने तो कागद दुमडून बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. 'अर्थ चुकीचा मी लावला. भिकाजीने खरा अर्थ सांगितला असता मी त्याला हसलो. करारनामा तो आणून दाखवत असता मी पाहिला नाही.' खाली आपलं नाव, हुद्दा, कचेरी.

"साक्षी?" भिकाजी म्हणाला.

संध्याकाळी रावजी दुकानात फिरला. एकाचा चष्मा घरी होता. एकाचे जावईबापू त्या मिलमध्ये होते. सखाराम म्हणाला, "मी हसलो नव्हतो, मला ढास लागलेली." आत्मारामने सही केली, पण 'हसलो' हा शब्द काढता येईल काय असं विचारून.

शेवटच्या बोटीला मांडवी बंदरावर गर्दी होती. भिकाजी वळकटी खांद्यावर टाकून बोटीपर्यंत नेणाऱ्या मचव्यात चढला. रावजीने कागद दिला. भिकाजीने तो टोपीत ठेवला. "मालकाला मराठी येत नाय," तो म्हणाला. "मुन्शीच वाचून सांगेल. तो बरोबर सांगतो." मचवा निघाला.

पावसाळ्याचे तीन महिने वर्तमानपत्र कोल्हापूरच्या रस्त्याने येत होतं, तीन-चार दिवस शिळं. उदयगिरीच्या सामन्यांच्या बातम्या येत. लेफ्ट औटच्या जागी दुसरंच नाव असे. दुकानात ते कोणी मोठ्याने वाचत नसे.

गणपतीला बोटी सुरू झाल्या आणि भिकाजी आला. दुसऱ्या दिवशी तो दुकानात येऊन बसला, पूर्वीसारखाच. आत्मारामने न विचारता लिंबूसोडा पुढे केला.

"मालकाला दाखवलास?" रावजीने विचारलं. विचारणं त्यालाच भाग होतं.

"दाखवला. मुन्शीनं सगळा वाचलान. मालकानं पहिला कागद काढून शेजारी ठेवलान. म्हणाला, दोन्ही एकाच माणसानं लिवलेत. एकात राजीखुशीनं सोडतो, दुसऱ्यात सोडत नाय. तिसऱ्यात काय लिवशील?" भिकाजीने घोट घेतला. "अक्षर बाकी चांगलं हाय म्हणाला. मिलच्या हपिसात असं कोणाचं नाय."

तो हे टोचून म्हणाला असता तर रावजीला बरं वाटलं असतं. तो नुसता सांगत होता.

"मग आता?"

"रातपाळी. साच्यावर. मुन्शीनं नोकरीपुरतं तेवढं केलान, खेळ दोन वर्षं बंदच. संध्याकाळी मोकळाच असतो, म्हणून सामने बघायला जातो. दोरीच्या भायेर उभा ऱ्हातो."

आत्माराम फडक्याने बाक पुसू लागला. मग मागून कोणीतरी, न राहवून, विचारलं, "मग तो शेवटचा सामना? पेपरात नुसतं दोन-एक आलंय."

भिकाजी सांगू लागला. पहिल्या गोलाला बॅक कसा घसरला, पावसात बॉल कसा जड झाला. त्याने बाकावर बोटाने मैदान काढलं. सगळे हळूहळू पुढे सरकले. डाव्या बाजूला जागा मोकळी पडली होती, तो म्हणाला, तिथे कोणी पोचलाच नाय. त्याचं बोट त्या जागेवर थांबलं, मग पुढे गेलं.

रावजीच्या लक्षात आलं की तोही पुढे झुकला आहे. दुसरा गोल कसा झाला हे विचारायला त्याने तोंड उघडलं होतं. ते त्याने मिटलं.