गुळवेलीचा गुण

१९६२चा फेब्रुवारी संपत आला, तसा अहल्या इंगळेचा धीरही संपत आला.

बंगळूरच्या एका मेडिकल कॉलेजात ती संशोधन करायची. रक्तातल्या पांढऱ्या पेशी गुळवेलीच्या काढ्यात ठेवायच्या, त्यांच्यापुढे यीस्टचे कण टाकायचे आणि शंभरातल्या किती पेशींनी कण गिळले ते मायक्रोस्कोपखाली मोजायचं. पेशी जितक्या खादाड, तितकी जंतूंशी झुंजायची ताकद जास्त. मागच्या मे महिन्यात साध्या मिठाच्या पाण्यात तीस पेशींनी कण गिळले आणि काढ्यात सत्तर! तिचे वरिष्ठ डॉ. जयतीर्थ खुर्चीतून उठलेच. त्यांनी लेख लिहायला घेतला, स्वतःच्या नावाशेजारी तिचंही नाव घातलं.

पण त्यानंतर सत्तर काही पुन्हा दिसेना. पस्तीस, अडतीस, कधी एकतीस.

"तुझा हात बिघडलाय," सर म्हणायचे.

तिने बंगळूरच्याच शिवाजीनगरातला झाडपाल्याचा दुकानदार बदलला. बसने शहराबाहेर येलहंकाला जाऊन कडुनिंबावर चढलेली वेल स्वतः उभं राहून कापून घेतली. तरी तेच. घरी जेवताना भाताची शितंही तिला पेशींसारखी दिसू लागली.

एका दुपारी तिने काचपट्ट्यांचा ट्रे टेबलावर आपटला. बाटल्या धुणारा शिवाप्पा दचकला.

"मे महिन्यात वेगळं काय होतं हो, शिवाप्पा?"

शिवाप्पा बेळगावकडचा. जरा आठवून म्हणाला, "तवा फ्रिज बंद पडला होता की, अक्का. काढ्याला वास मारत होता. म्या म्हटलं, टाकू काय? तुम्ही म्हटलासा, राहू दे, उकळून घेते."

अहल्याने मे महिन्याची वही ओढून घेतली. उकळल्याने जंतू मरतात, पण त्यांचं विष उरतं आणि तेच पांढऱ्या पेशींना चेतवतं. हे तिने परीक्षेत लिहिलं होतं!

आता तिने गुळवेल घेतलीच नाही. मटणाचं पाणी दोन दिवस उघड्यावर नासू दिलं, उकळलं, गाळलं आणि पेशींवर सोडलं. मोजल्या तर बहात्तर. म्हणजे मे महिन्यात पेशींना चेतवलं होतं ते नासक्या काढ्यातल्या जंतूंच्या विषाने.

वही घेऊन ती सरांकडे गेली.

"लेख छापायला गेलाय, ठाऊक आहे ना?" ते म्हणाले.

"परत मागवा, सर."

"आणि कारण काय देऊ? आमचा फ्रिज बिघडला होता?"

"हो. तसंच लिहा."

आठ दिवस सरांनी लेख तसाच राहू दिला. नवव्या दिवशी त्यांनी तार करून लेख परत मागवला. पण गुळवेलीचं कामही बंद केलं. अहल्याने उद्यापासून वॉर्डातल्या रुग्णांचं रक्त तपासायचं.

"सर, गुळवेल निकामी आहे असं कुठे ठरलंय?" तिचा आवाज चढला. "ताज्या काढ्यातही तिसाच्या वरच आकडे येतात. ते खरे की योगायोग, एवढं कळायला सहा महिने द्या."

"एका 'कदाचित'साठी सहा महिने? लोक हसतील. जा आता."

ती गेली. दोन वर्षं वॉर्डाचं रक्त तपासत राहिली. कुणी विचारलंच, गुळवेलीने खरंच काही होतं का हो, तर ती चिडून म्हणायची, "मला माहीत नाही. शोधू दिलं नाही मला."