भिंतीवरचे आबा

अद्वय साहेबांच्या पानशेतच्या बंगल्यात कलाकृती बघायला पाहुणे येणार असले की प्रेरणाचा सगळा दिवस स्वयंपाकघरात जायचा. साहेब पुण्याचे. आजच्या चित्रकारांची कामं विकत घेऊन जमवायचा त्यांना नाद होता आणि धरणाकाठचा हा बंगला त्यांनी त्यासाठीच बांधला होता. एका खोलीत गंजक्या पत्र्यांचा ढीग, एकीत नुसताच निळा रंगवलेला कापडाचा पट्टा. प्रेरणाला त्यातलं सगळं कळायचं असं नाही, पण रोज धूळ झटकता झटकता त्यातलं एखाददुसरं तिला आवडायलाही लागलं होतं.

त्या रविवारी भोरच्या शुभ्राचं काम लावलं होतं. शुभ्रा वकिलाची लेक, पुण्यात कला शिकलेली. तिनं केलेली फिल्म दिवाणखान्यातले पडदे ओढून मोठ्या भिंतीवर चालू होती. प्रेरणा चहाचा ट्रे घेऊन आत गेली. भिंतभर धरणाचं उन्हाळ्यातलं पात्र पसरलं होतं. पाणी पार मागं हटलेलं, गाळाला भेगा पडलेल्या, आणि त्या भेगांवरून एक म्हातारा पाठमोरा चाललेला.

डावा पाय ओढत चालायची ती लकब तिनं लगेच ओळखली. म्हातारा वळला तेव्हा तोंडही दिसलं. तिचे सासरे होते ते, सोनबा. घरात सगळे आबा म्हणायचे.

आबा एका जागी थांबले. नसलेल्या दाराची कडी काढल्यासारखा त्यांनी हात हलवला, चौकट डोक्याला लागू नये म्हणून वाकले आणि आत शिरले. आत म्हणजे उघड्या रानात, उन्हात. मग खाली बसून कुणाशी तरी बोलू लागले. मग पटका सोडून बाजूला ठेवला आणि धोतराला हात घातला.

प्रेरणानं मान खाली घातली. तिनं ट्रे जवळच्या स्टुलावर टेकवला.

"नट आहे का हा?" एका पाहुणीनं विचारलं.

"नाही," शुभ्रा म्हणाली. "तिथलेच कुणी आजोबा. मी सकाळपासून पाणवठा शूट करत होते आणि हे अचानक आले."

"किती शांत वाटतं बघताना," दुसरं कुणी म्हणालं.

प्रेरणा स्वयंपाकघरात आली. तिला तो दिवस आठवत होता. आबा न सांगता घरातून गेले होते. वाडीतल्या पोरांनी विहिरींत डोकावून पाहिलं. तिचा नवरा सोमनाथ टेम्पो काढून पार मार्गासनीला, तिच्या माहेरापर्यंत जाऊन आला. उन्हं कलल्यावर आबा गाळात पडलेले सापडले, ओठ फुटलेले, जीभ सुकलेली. सरकारी दवाखान्यात सलाईन लावलं तेव्हा कुठं डोळे उघडले. आबांना हल्ली आठवण राहत नाही, मधूनच ते धरणात गेलेलं घर शोधत निघतात, हे घरानं कुणाला कळू दिलं नव्हतं. ऊन लागून चक्कर आली, एवढंच वाडीला सांगितलं होतं.

आणि इथं मोरीवर भांडी घासत होती ती वाडीतलीच रतनबाई.

"भजी नेऊ का गं आत?" रतनबाईनं हात पुसत विचारलं.

"नको, नको. म्या नेते," प्रेरणा घाईनं म्हणाली.

"येवडी घाई कशाची?"

"काई न्हाई. भजी गार व्हत्यात."

रतनबाईनं आत एकदा डोकावलं की संपलं. संध्याकाळपर्यंत प्रत्येक ओट्यावर आबांच्या धोतराचा विषय निघेल. साहेबांना सांगावं, तर काम जाईल का? सोमनाथला सांगावं, तर तो इथं येऊन काय करून बसेल? आत फिल्म संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्याचं तिला फिल्मच्या सुरुवातीच्या वाऱ्याच्या आवाजावरून कळलं. म्हणजे आबा पुन्हा चालायला लागले होते.

तेवढ्यात शुभ्राच दारात आली. "ताई, जरा पाणी द्याल? बोलून बोलून घसा सुकला."

प्रेरणानं माठातलं पाणी तांब्यात घेतलं, पेला भरला, पुढं केला. शुभ्रा ते पीत असताना तिच्या तोंडून गेलंच.

"त्यांना दिलं व्हतं का पाणी?"

"कुणाला?"

"भिंतीवर हायेत त्यांना. माझे सासरे हायेत ते."

मोरीवरचा भांड्यांचा आवाज थांबला. प्रेरणानं मागं वळून पाहिलं नाही.

शुभ्रानं पेला ओट्यावर ठेवला. "मला माहीत नव्हतं. मी खूप लांब होते, टेकाडावर. ते इतक्या खात्रीनं चालत होते, मला वाटलं रोज येत असतील."

"आमी दिवसभर हुडकत व्हतो त्यांना. तुमी जवळ गेलाच न्हाई?"

"नाही."

"पाणी दिलं न्हाई."

"नाही दिलं." शुभ्राचा आवाज अगदी बारीक झाला. "ऊन चढल्यावर कॅमेरा भरला आणि निघून आले."

शुभ्रा इतका वेळ कुठं राहिली म्हणून अद्वय साहेब बघायला आले. शुभ्रानंच त्यांना सगळं सांगितलं. साहेब गोंधळले. "पण काम अतिशय आदरानं केलंय, प्रेरणा. त्यांची कुठं चेष्टा नाही."

"असंल साहेब. पर धोतर सोडत्यात ते. घरच्यांना इचारल्याबिगर लोकांना दावू नका."

"पाहुणे जाईपर्यंत तरी..." साहेब बोलत होते, तोवर शुभ्रा आत गेली होती. भिंत अंधारली. पाहुण्यांची कुजबुज ऐकू आली.

घरी जाताना वाटभर प्रेरणा रतनबाईच्या पुढं पुढं चालत राहिली. वाडी जवळ आली तेव्हा रतनबाईच म्हणाली, "माज्या आईचंबी शेवटी असंच झालं व्हतं. आमी तिला खोलीत कोंडायचो." आणि ती आपल्या घराकडं वळली.

दुसऱ्या दिवशी शुभ्रा आणि साहेब वाडीवर आले. रात्री सगळं ऐकल्यावर सोमनाथ अंगणात येरझाऱ्या घालत राहिला होता आणि प्रेरणाला त्याचीच धास्ती होती. तो दारातच उभा राहिला.

"तुमच्या वडिलांचं असं केलं असतं का?" त्यानं शुभ्राला विचारलं.

"नसतं केलं," ती म्हणाली. "म्हणूनच आले. तुम्ही बघा आणि सांगा. नको म्हणालात तर पुसून टाकते."

तिनं लॅपटॉप पाटावर ठेवला. सोमनाथ उकिडवा बसला. आबाही जवळ सरकले, ते प्रेरणाच्या लक्षात येईपर्यंत फिल्म सुरू झाली होती.

आबांनी डोळे बारीक केले. "ह्यो म्हातारा कोन?"

पडद्यावर कडी काढल्यासारखा हात हलला.

"आमच्या घरात शिरतोय त्यो," आबा म्हणाले. "बरुबर वाकला बग. नवा मानूस तितं कपाळ आपटून घेतुया." ते हसले. "आन आता आयेशी बोलतोय. बोलू दे."

सोमनाथनं तोंड फिरवलं. पटका सुटायच्या आधी प्रेरणानं हात पुढं करून लॅपटॉप मिटला.

"हितवर असू दे," ती म्हणाली. "म्होरलं पुसा."

सोमनाथनं तिच्याकडं पाहिलं आणि मान हलवली.

"पण मी घेतलेलं काम मग हे राहत नाही," साहेब हळूच म्हणाले.

"तर मी परत घेते," शुभ्रा म्हणाली. जाताना साहेबांनी आबांना वाकून नमस्कार केला आणि कापलेलीच फिल्म ठेवीन म्हणाले.

तिथंच संपलं असतं. पण गाडीत बसताना शुभ्रा थबकली आणि परत आली. एक प्रत दिल्लीला प्रदर्शनात लागलेली होती. तिनं तिथल्या तिथं फोन लावला. तिथले लोक काढतो म्हणाले.

"काढली का न्हाई, कसं कळायचं?" प्रेरणानं विचारलं.

"मी स्वतः जाते."

पुढचे दिवस प्रेरणाचं कशातच लक्ष नसताना गेले. भाकरी थापता थापता ती थांबायची. कुठल्या परक्या गावात, थंडगार खोलीत, कोण कोण माणसं आबांकडं बघत उभी असतील, हे तिच्या डोळ्यांपुढून हलायचं नाही. अंगणात आबा दिसले नाहीत की ती पिठाच्या हातानंच बाहेर धावायची, आणि ते तर गोठ्यापाशी बसलेले असायचे.

एका दुपारी फोन वाजला. "काढलीय, ताई. माझ्यासमोर पुसली. भिंत रिकामी आहे."

"किती लोकांनी बघितली आसंल?"

"खूप. नेमकं मलाही सांगता यायचं नाही."

"बरं," प्रेरणा म्हणाली. मोबाईल फळीवर ठेवून ती आबा कुठं आहेत ते बघायला बाहेर गेली.