मिशीला लागलेली हळद

द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत कुणाच्या घरी हळद निघाली, की सांगावा आधी भागुबाईंना जायचा, मग मांडववाल्याला. त्यांनी ओवी उचलली की जात्यावर बसलेल्या बायांचे हात आपोआप फिरू लागत. पण गेल्या दिवाळीपासून भागुबाई हसताना तोंडावर पदर धरू लागल्या होत्या. गल्लीला वाटलं, म्हातारपणी लाज सुचली. खरी गोष्ट पदराआड होती. पुढचा दात किडून काळा पडला होता, हिरडी सुजली होती, आणि लवंगेवर दिवस ढकलणं चाललं होतं. दात काढला तर गाण्यातून वारा सुटणार. आणि भाची स्नेहलची हळद तर दीड महिन्यावर! स्नेहल भावाची मुलगी, पण वाढली यांच्याच घरी. तिच्या हळदीला आत्याच गाणार, हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं.

त्यात मधुमेह. कारली झाली, नागलीच्या भाकरी झाल्या, सकाळचं चालणं झालं, गोळ्याही वाढल्या. साखर अडीचशेच्या खाली पाय ठेवीना.

"चोरून खाते ही," सहादूमामांनी डॉक्टरांसमोर निकाल दिला. भागुबाईंचा हा नवरा एसटीत तीस वर्षं कंडक्टर होता; चेहऱ्यावरून विनातिकीट ओळखायचा. "गुळाचा डबा बघा, अर्ध्यावर आलाय."

भागुबाईंनी गुळाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. पण गूळ नाही म्हटलं, तर डॉक्टर दुसरं कारण शोधणार आणि 'आ करा' म्हणणार. त्यापेक्षा चोर म्हणवून घेतलेलं बरं.

"खाल्ला," त्या मान खाली घालून म्हणाल्या. "पण लय नाय. खडाभर."

न पकडताच दंड भरणाऱ्या प्रवाशाकडे बघावं, तसे सहादूमामा त्यांच्याकडे बघत राहिले.

पुढचे पंधरा दिवस हेच. गूळ कमी व्हायचा, मामा ओरडायचे, भागुबाई कबूल व्हायच्या. शेवटी स्नेहल वैतागली. एका रविवारी तिने स्वयंपाक स्वतः केला, आत्याला हळदीच्या डब्याजवळ फिरकू दिलं नाही, आणि गुळाच्या डब्याच्या आतल्या कडेला गुपचूप हळद भुरभुरली.

दुपारची झोप झाली. चहाला सगळे बसले.

"आत्या, हात दाखव."

भागुबाईंचे हात स्वच्छ. स्नेहल गोंधळली, मग तिची नजर वर गेली, आणि ती जी खो खो हसत सुटली, ती थांबेना. सहादूमामांची पांढरीशुभ्र मिशी एका बाजूने पिवळीजर्द झाली होती.

"अहो, आधी नवरीला तरी लागू द्यायची!" भागुबाई पदराआडून म्हणाल्या.

पण हसू लगेच विरलं. चोर सापडला, म्हणजे त्या सुटल्या. आणि सुटल्या, म्हणजे पकडल्या गेल्या. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर म्हणाले, "गूळ नाही, तर साखर चढते कशानं? आ करा."

आत बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "दाताखाली पू धरलाय, बाई. अंगात असं दुखणं मुरलं की साखर उतरत नाही, आणि साखर उतरली नाही की हिरडी भरत नाही. दोघं एकमेकांना धरून बसलेत."

"आमच्यासारखे," सहादूमामा हळूच म्हणाले.

आधी औषधं झाली, मग दात निघाला. महिन्याभरात साखर, कितीतरी दिवसांनी, दोनशेच्या खाली उतरली. नवा दात मात्र हिरडी पुरती भरल्यावरच बसणार होता.

हळदीच्या दिवशी भागुबाई कोपऱ्यात पदर धरून बसल्या. बाया म्हणाल्या, "घ्या की ओवी!" त्यांनी मान हलवली. स्नेहलने पाटावरून मान वळवून आत्याकडे पाहिलं. तेवढ्यात भागुबाईंना दिसलं, सहादूमामांचा हात लाडवांच्या परातीकडे निघाला होता. मग त्यांना राहवेना.

नवरीला हळद, लावा गं बाई गाली
गुळाच्या चोरीपायी, मिशी पिवळी झाली

फटीतून वारा सूंऽऽ करत निघाला. मांडव हसून लोळला. भागुबाईही हसल्या, तोंडभर, आणि पदर खांद्यावरच राहिला. सहादूमामांनी लाडू परत परातीत ठेवला आणि उगाचच मिशी पुसली.

"आत्या," पिवळ्या गालांची स्नेहल ओरडली, "दुसरी!"