दाबेचा बाण कुणाला लागला?

दोरी सुटली त्याच क्षणी दाबेला कळलं, हा बाण काही लागत नाही.

कुडू समोर उभा होता. पिळाची शिंगं पाठीवर टाकून काटेरी झाडाचा पाला ओरबाडत होता. एवढा मोठा नर, की त्याच्या सावलीत आणखी दोन कुडू आरामात बसले असते. दाबे पोटावर सरपटत इतका जवळ पोचला होता की हरणाच्या कानातल्या गोचिड्यासुद्धा त्याला दिसत होत्या. एवढं सगळं निभावलं आणि गुडघ्यावर उठताना खाली वाळकी काडी मोडली. कुडूने मान वळवली. दाबेने घाई केली. बाण हरणाच्या पोटाखालून सूं करत पलीकडच्या गवतात गेला. कुडू एकदा कुत्र्यासारखा भुंकला, आणि उड्या मारत त्याच गवतातून निघून गेला.

नेम कुणाचाही चुकतो. दाबेने स्वतःला चार शिव्या दिल्या, आईला ऐकवता येणार नाहीत अशा, आणि बाण शोधायला गवतात शिरला. बोरूची काडी लगेच सापडली. तिच्या टोकाला मात्र काहीच नव्हतं.

दाबे होता तिथेच थबकला, पाय न हलवता.

हे बाण मुळात तसेच घडवतात. जनावराला लागला की बोरू गळून पडतो आणि पातं आत राहतं. हा बाण जनावराला न लागता एखाद्या मुळाला लागला असणार, आणि पातं सुटून कुठेतरी उडालं असणार. कुंपणाच्या तारेचं, करंगळीएवढं पातं. त्याच्या मागे बोटभर जागेत भुंग्याच्या अळीचं विष थापलेलं, अगदी ताजं. त्या विषाला उतारा नाही. कुडूसारखा कुडू त्याने आडवा होतो. माणसाचं काय होतं ते दाबेने लहानपणी आपल्या चुलत्याच्या बाबतीत पाहिलं होतं, आणि त्याबद्दल तो कधी कुणाशी बोलत नसे.

गवत कमरेएवढं, वाळून पिवळं झालेलं. कलहारीच्या वाळवंटात पायात काही घालून कोण फिरतंय? दाबे धनुष्याच्या टोकाने एकेक झुपका बाजूला करत, बगळ्यासारखा पाय उचलत शोधत राहिला. टाचेला काही टोचलं की तो जागीच थिजायचा, खाली वाकून काटा बघायचा, काटाच आहे ना याची खात्री करायचा, आणि मगच श्वास सोडायचा. त्याचं काळीज असं धडधडत होतं की झाडावरची गिनी कोंबडी वैतागून उडून गेली. ऊन तिरपं झालं, गवत आणि पातं एकाच रंगाचं दिसायला लागलं, तेव्हा त्याने कडेच्या झुपक्याला गाठ मारून खूण केली. पहाटे येऊन शोधू, तोवर सगळ्यांना सांगून ठेवू की तिकडे फिरकू नका. सोपं काम होतं.

वस्तीवर शेकोट्या पेटल्या होत्या. त्याचा मेव्हणा काओ लांबूनच ओरडला, "आलं का आमचं दाजीरत्न! काय मारलं? मुंगी की वाळवी?"

"काही नाही," दाबे म्हणाला. "कुडू होता. नेम चुकला. बाण गवतात गेला."

शेकोटीभोवतीच्या माना वळल्या. मग काओने मांडीवर थाप मारली.

"चुकला म्हणतोय! अगं ख्वाना, ऐकलंस का? तुझा नवरा चुकला म्हणतोय!"

बायका तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. एका म्हाताऱ्याने तर ओठांवरून जीभ फिरवली. दाबेला क्षणभर काहीच उमगेना. आणि मग उमगलं, ते का हसतायत.

कारण त्यांच्यात मोठं जनावर मारणारा कधी मारलं म्हणून सांगतो का? असं सांगणाऱ्याला कुणी शेकोटीजवळ बसू देणार नाही. मोठं जनावर लागलं की माणसाने तोंड पाडून यायचं, मी आंधळा, माझे हात वाकडे, मला काही दिसलंच नाही असं रडायचं. मागल्या वर्षी त्याने एलँड पाडला, बैलाएवढं हरीण, तेव्हा हाच दाबे, हेच तोंड करून, हेच म्हणाला होता, नेम चुकला.

"काओ, मी खरं सांगतोय."

"हो हो, खरंच की. मागच्या वेळीपण खरंच सांगत होतास. महिनाभर हनुवटीवरची चरबी पुसत होतो आम्ही."

"अरे बाबा, हा बघ बोरू! पातं सुटून पडलंय!"

त्याने काडी वर धरली आणि त्याच क्षणी आपण काय करून बसलो ते त्याला कळलं. बिनपात्याचा बोरू! म्हणजे पातं कुठे असणार? जनावराच्या पोटात! म्हातारा उठून नाचायलाच लागला.

पलीकडच्या शेकोटीशी त्याची सासू उक्सा पाठ करून बसली होती. लग्न झाल्यापासून ती जावयाशी एक शब्द बोलली नव्हती, आणि तोही तिच्याशी नाही. रीतच तशी. शिवाय आजचा बाण तिच्या मालकीचा. ज्याचा बाण त्याचं मांस, म्हणजे वाटप तिच्या हातून होणार. आधीच दोघीतिघी जणी तिच्या पाठीला मालीश करायला लागल्या होत्या. उक्सा विस्तवाकडे बघून म्हणाली, "कुणीतरी जावयाला सांगा, फार ओरडू नको म्हणावं. जनावर दचकून लांब जाईल. त्याला शांतपणे मरू द्या."

ख्वानाने नवऱ्यापुढे भाजलेली कंदमुळं ठेवली. दाबेने ती तशीच बाजूला सारली.

"बघा, जेवतसुद्धा नाही!" काओ कुजबुजला, पण असा की सगळ्या वस्तीला ऐकू जावं. जनावर विष घेऊन फिरत असतं तोवर शिकारी पोटभर खात नाही, हसत नाही, कोपऱ्यात गप्प बसतो. दाबे भीतीने गप्प बसला होता. पण भीतीचं तोंड आणि एलँड मारल्याचं तोंड वेगळं कसं ओळखणार?

त्याने बायकोचा हात धरला. "ख्वाना, तू तरी ऐक. पातं गवतात पडलंय, विषाचं. उद्या सगळे तिकडे जाणार. नुखा सगळ्यांच्या पुढे धावते, तुला ठाऊक आहे."

नुखा त्यांची मुलगी. तिला चालता येण्याआधी धावता यायला लागलं होतं. ख्वानाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग ती हसली. "इतकं अभद्र बोललास, म्हणजे एलँडपेक्षा मोठं दिसतंय. बरं बाई, मी पण कुणाला सांगत नाही."

दाबेचा डोळा पहाटे कुठे लागला, आणि उघडला तेव्हा वस्ती जागेवर नव्हती. मांस वस्तीवर आणण्यापेक्षा वस्तीच मांसाकडे नेलेली बरी, असं ठरलं होतं. कातडी गुंडाळली गेली होती, शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांत पाणी भरलं गेलं होतं, उक्साने पेटतं लाकूड हातात घेतलं होतं. दाबेच्या कालच्या पावलांवरून माणसांची रांग केव्हाच निघाली होती. दाबे धावत सुटला. वाटेत म्हातारा लागला, म्हातारी लागली, ख्वाना लागली.

"नुखा कुठाय?"

"पुढे गेली काओबरोबर."

गवताच्या कडेला रांग थबकली होती. काओ वाकून जमीन वाचत होता. "हे बघा कुडूचे खूर. काय खोल गेलेत! इथून आत शिरला." आणि त्या खुणांवरून, गवताच्या वर फक्त केस दिसतील अशी, नुखा आत चालली होती.

"नुखा! थांब! हलू नको!"

"ओरडू नको रे, जनावर दचकेल," कुणीतरी म्हणालं. दोन बायका तिच्या मागे गवतात पाय टाकणार एवढ्यात दाबे त्यांच्या आडवा गेला.

"तिथे जनावर नाही! माझा नेम चुकलाय!"

"किती गोड बोलतो," एक म्हणाली.

खरं सांगितलं की कुणी ऐकत नव्हतं. दाबेने डोळे मिटले. आयुष्यात जे कधी तोंडातून काढलं नव्हतं ते त्याने छाती पुढे काढून काढलं.

"ऐका रे ऐका! मी कुडू मारलाय! या मुलखात असला कुडू कुणी पाहिलेला नाही! बाण थेट काळजात! माझ्यासारखा धनुर्धारी तुमच्या बापजाद्यांत झाला नाही! काओ, तुझ्या हातून मरायला तर ससासुद्धा लाजेल! मांस मी देतो म्हणून तुम्ही जगता, समजलं? मी!"

काओचं तोंड उघडं राहिलं. म्हाताऱ्याने दुसरीकडे बघितलं, जणू दाबे सगळ्यांसमोर नागडा उभा होता. आणि हळूहळू, एकेका चेहऱ्यावर, हसू विझत गेलं. असं बोलणाऱ्या माणसाने काहीही मारलेलं नसतं.

उक्सा पुढे आली. लग्नानंतर पहिल्यांदा तिने जावयाच्या डोळ्यात बघितलं. "दाबे. पातं कुठं आहे?"

"आत. कुठे ते मला माहीत नाही."

"नुखे," उक्सा ओरडली, "एक पाय उचललास तर तुझे कान कापून तरसाला घालीन!" पोरगी रडायला लागली, पण उभी राहिली.

दाबे आत गेला. प्रत्येक पावलाआधी हाताने गवत चाचपत, मुळापर्यंत बघत. थोडंसं अंतर, पण त्याचे केस तेवढ्यात पांढरे झाले असं अजूनही लोक सांगतात. पोरीला त्याने खांद्यावर घेतलं. तिच्या टाचेला रक्त होतं. दाबेच्या डोळ्यांपुढे चुलता आला. त्याने टाच वळवली. काटा होता. पांढरा, अख्खा, अजून मांसात रुतलेला. तो त्याने दातांनी उपटला, थुंकला, आणि आल्या पावलांवर पाय ठेवत बाहेर आला.

ख्वानाने पोरीला ओढून घेतलं आणि नवऱ्याच्या छातीवर दोन गुद्दे मारले. कशाबद्दल ते तिलाही सांगता आलं नसतं. उक्साने जळतं लाकूड गवताला लावलं.

आग गेली, राख थंड झाली, तेव्हा काओ काठीने उकरत फिरला आणि एका जागी थांबला. नुखा जिथे उभी होती तिथून तिने आणखी एक पाऊल टाकलं असतं, तर तिथेच टाकलं असतं. पातं टोक वर करून रुतलेलं होतं. काओने काठीने तिथेच खड्डा केला आणि ते खोल पुरून टाकलं.

जळलेल्या गवतात एक कासव आपोआप भाजलं गेलं होतं. तेच सगळ्यांनी मिळून वाटून खाल्लं, वाट्याला नखाएवढं आलं तरी. दाबेच्या हातून तुकडा दोनदा राखेत पडला. शेवटी नुखाने तो उचलला, फुंकला, आणि बापाच्या तोंडात घातला.